‘आनंदी गोपाळ’ : आज्ञेतले बंड

‘आनंदी गोपाळ’ हे शीर्षक दोन प्रकारे वाचता येते. विवाहित स्त्रीचे नाव लिहिण्याची आपली रीत अशी की आधी तिचे नाव, मग नवऱ्याचे, शेवटी आडनाव. त्या रीतीने पाहिले तर हे एका बाईचे नाव आहे, फक्त त्यातले ‘जोशी’ तेवढे गाळलेले. ‘राधाकृष्ण’सारखा द्वंद्व समास मानला तर मात्र ही दोन माणसे होतात. श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली आपल्या कादंबरीला हे नाव दिले तेव्हा ही संदिग्धता त्यांच्या मनात होती की नव्हती, हा प्रश्न बाजूला ठेवू. कादंबरी वाचताना मात्र तिच्यापासून सुटका नाही. पहिल्या रीतीने वाचले तर ही अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या एका हिंदू मुलीची कथा आहे. दुसऱ्या रीतीने वाचले तर ती एका विक्षिप्त, हट्टी, अस्वस्थ पोस्टखात्यातल्या कारकुनाची आणि त्याने घडवलेल्या मुलीची कथा होते. त्यातही पहिले नाव तिचे म्हणावे, तर ते सासरचे. कल्याणच्या जोश्यांच्या घरी ती यमुना होती.

(शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिच्या स्मरणार्थ नाव दिलेले आहे. तिथे ना यमुना आहे, ना आनंदी, ना गोपाळ. तिथे नुसते ‘जोशी’ आहे. इकडे कादंबरीने गाळलेले आडनाव असे दुसऱ्याच ग्रहावर जाऊन राहिले!)

मराठी वाचकाने या कादंबरीवर मनापासून प्रेम केले. तिच्यावर नाटक झाले, दूरदर्शन मालिका झाली, १९९२ साली आशा दामले यांनी केलेला संक्षिप्त इंग्रजी अनुवाद आला, २०१९ साली समीर विद्वांस यांचा चित्रपट आला. रूढी झुगारणाऱ्या स्त्रीचे उदाहरण द्यायचे झाले की आनंदीबाईंचे नाव आपोआप येते, आणि ते या कादंबरीच्या वाटेने येते. परंतु वर्गात ही कादंबरी शिकवताना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : यात बंड कोण करते? बायकोने शिकले पाहिजे, हे गोपाळराव ठरवतात. तिने इंग्रजी शिकले पाहिजे, तिने परदेशी गेले पाहिजे, हेही त्यांनीच ठरवलेले. आनंदी ते करते. घराशी, जातीशी, गावाशी भांडण चालते ते गोपाळरावांचे. तिच्या वाट्याला त्या भांडणाचे परिणाम येतात, आणि नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी पत्नी म्हणून ती समुद्र ओलांडते. म्हणजे समाजाने घातलेली सर्वांत मोठी बंदी मोडली गेली, ती समाजानेच सांगितलेल्या पहिल्या धर्माचे, पतीच्या आज्ञेचे, पालन करताना. हा विरोधाभास इतिहासातला आहे, श्री. जं.नी तो रचलेला नाही. प्रश्न एवढाच की त्या आज्ञेच्या आत एक स्वतंत्र बुद्धी केव्हा बोलू लागली, आणि कादंबरीला ती कितपत ऐकू आली. (सोयीसाठी इतिहासातील व्यक्तीला येथे आनंदीबाई म्हटले आहे, कादंबरीतील पात्राला आनंदी.)

कादंबरी कोणत्या दशकात आली हे पाहणे उद्बोधक ठरेल. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वैभवाचा तो काळ. १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘स्वामी’तली रमाबाई मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिली आहे आणि ती १७७२ साली थेऊरला माधवराव पेशव्यांबरोबर सती जाते. ज्या वाचकाने त्या चितेपुढे डोळे पुसले, त्याच वाचकाच्या हाती सहा वर्षांनी ‘आनंदी गोपाळ’ आली. तो वाचक गोंधळला नाही. मला यात पुष्कळ अर्थ दिसतो. पतीमागे चितेवर जाणारी रमा आणि पतीच्या इच्छेखातर फिलाडेल्फियाला जाणारी आनंदी या दोघींना तो एकाच भावनेने पाहू शकला, कारण दोन्हीकडे निष्ठेचे केंद्र एकच होते. राजवाडे, तलवारी, मसलती यांच्या जागी श्री. जं.नी पोस्टातली नोकरी, बदल्या, भाड्याची बिऱ्हाडे आणि स्वयंपाकघर आणले. ऐतिहासिक कादंबरी त्यांनी मध्यमवर्गाच्या घरात आणली हे त्यांचे श्रेय मोठेच आहे. पुढे र. धों. कर्व्यांवर ‘रघुनाथाची बखर’ लिहिणारा हा लेखक. समाजाशी न जमणाऱ्या, चारचौघांना वेडगळ वाटणाऱ्या पुरुषाचे त्याला विलक्षण आकर्षण होते. गोपाळराव त्याला भेटले, आणि तिथेच आनंदीची थोडी पंचाईत झाली.

आता इतिहासाकडे वळू. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा, लग्न १८७४ सालचे. वय नऊ. नवरा बिजवर, सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवीन, ही त्याची लग्नाआधीची अट होती. बिजवराने विधवेशी लग्न करण्याच्या गोष्टी कराव्यात आणि अखेर कोवळ्या मुलीला बोहल्यावर उभे करावे, हे त्या काळच्या सुधारकांत नवे नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांचे १८७३ सालचे दुसरे लग्न याच तऱ्हेचे. रमाबाई रानडे तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. या मुलींपुढे एक अजब संसार मांडला गेला. दिवसा सासूबाई, आत्याबाई, सोवळेओवळे, आणि रात्री दिव्याशी पाटी घेऊन नवरा! घरातल्या बायकांच्या दृष्टीने अक्षर गिरवणे हा निर्लज्जपणा. नवऱ्याच्या दृष्टीने न गिरवणे हा अपराध. एकाची आज्ञा पाळली की दुसऱ्याची मोडतेच. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाईंचे पुस्तक या पेचाची सर्वांत प्रांजळ साक्ष आहे. त्यांच्या आठवणींत आणि आनंदीबाईंच्या चरित्रात फरक असेल तर शिक्षकाच्या स्वभावाचा. रानड्यांची शिक्षा म्हणजे अबोला. गोपाळरावांची म्हणजे हाताला लागेल तो लाकडाचा तुकडा.

अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून गोपाळरावांनी बायकोला मारले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते, आणि बहुधा किंचित हसून सांगितली जाते. इतर नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून मारतात, हा केला म्हणून मारतो! या हसण्यात गोपाळरावांचे वेगळेपण आपण पाहतो आणि मार खाणारी मुलगी दहा वर्षांची आहे हे विसरतो. श्री. ज. ही मारहाण लपवत नाहीत. सुधारकांची चरित्रे गुळगुळीत करून लिहिण्याची आपली जुनी सवय पाहता हे धाडसच म्हणायला हवे. तरीही कादंबरी वाचून होते तेव्हा वाचकाच्या मनात जो गोपाळ उरतो तो तऱ्हेवाईक, तापट, पण आतून प्रेमळ असा. मार हा त्याच्या तऱ्हेवाईकपणाचा भाग होऊन जातो. स्वभावविशेष म्हणून दाखवलेला अत्याचार वाचकाला अर्धा क्षम्य वाटू लागतो. कादंबरीकाराचे हे कौशल्य आहे, आणि माझ्या मते कादंबरीची खरी दुखरी जागाही हीच आहे.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या : अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, सेरामपूर. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. या मृत्यूतून डॉक्टर होण्याचा निश्चय जन्मला असे आपण नेहमी ऐकतो आणि ते असंभवनीय नाही. पण परदेशगमनाचा विचार मुळात मांडला गेला तो गोपाळरावांच्या पत्रातून. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी संधान बांधले; बायकोला शिकवायचे आहे आणि आपल्यालाही तिकडे काही काम मिळेल का, अशी विचारणा केली. रॉयल वाइल्डर यांच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये हे पत्र छापले गेले आणि उत्तरादाखल धर्मांतराची सूचना झाली. गोपाळरावांनी ती मानली नाही. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला, आणि सातासमुद्रापलीकडच्या या अनोळखी मुलीसाठी आपण काही करावे असे त्यांना वाटले. योगायोगाची अशी जागा कादंबरीकाराने कल्पनेने घातली असती, तर आपण समीक्षकांनी तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

पत्रातली मूळ योजना दोघांनी जाण्याची होती, हे येथे ध्यानात घ्यावे. नवऱ्याला तिकडे काम मिळेना, वाट निघेना, तेव्हा ‘तू एकटी जा’ असे ठरले. ठरवले पुन्हा गोपाळरावांनीच. पण या एका बदलाने सारे चित्र पालटले. नवऱ्याच्या सावलीत समुद्र ओलांडणे निराळे आणि अठराव्या वर्षी एकटीने ओलांडणे निराळे. आज्ञा देणाऱ्याने आज्ञा दिली खरी, पण ती पाळण्यासाठी तिला त्याच्या नजरेबाहेर जावे लागणार होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. लोकांच्या मनात असतील ते प्रश्न त्यांनी आपणच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का? हिंदुस्थानात सोय नाही का? एकटी का? परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर? जे आजवर कोणी स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस? हे व्याख्यान आजही वाचावे असे आहे. त्यात अश्रू नाहीत. स्वतःच्या गेलेल्या मुलाचे दुःख पुढे करून सहानुभूती मिळवणे सहज शक्य होते. त्याऐवजी त्या सार्वजनिक गरजेवर बोट ठेवतात : हिंदू स्त्रियांना स्त्रीडॉक्टर हव्यात, पुरुषाच्या हातून उपचार घेण्यास त्या तयार नसतात, आणि मद्रासच्या महाविद्यालयात किंवा इतरत्र सुइणींच्या वर्गांत जे शिक्षण मिळते ते अपुरे आहे. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, हेही त्यांनी याच सभेत सांगितले. ‘नवऱ्याची इच्छा आहे म्हणून जाते’ एवढे उत्तर त्या सभेला पुरले असते. किंबहुना ते सर्वांत सुरक्षित उत्तर होते. आपला आधार म्हणून त्यांनी ते वापरले नाही. पतीच्या इच्छेला त्यांनी सार्वजनिक युक्तिवादाचे रूप दिले आणि तसे देताना ती आपली केली. माझ्या दृष्टीने आनंदीबाईंचे बंड बोटीवर पाय ठेवताना सुरू झालेले नाही. ते सहा आठवडे आधी, या सभागृहात सुरू झाले.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये दाखल झाल्या. तेथील अभ्यास, थंडी, शाकाहाराची ओढाताण, ढासळत गेलेली प्रकृती हे सारे सुपरिचित आहे. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ला कॉलेजच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली, तीत आनंदीबाईंची हकीकत आली आहे.

या तीन वर्षांची खरी साधने म्हणजे पत्रे. ती दोन भाषांत आहेत. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानत. त्यांना लिहिलेली पत्रे इंग्रजीत. नवऱ्याला लिहिलेली मराठीत. आनंदीबाईंचे निधन झाल्यावर दोन्ही संचांतून दोन चरित्रे निघाली. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली बोस्टनहून प्रसिद्ध झाले, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १८८९ साली. दोन्ही लेखिका स्त्रिया, दोन्ही पुस्तके मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांच्या आत आलेली. डॉलबाईंच्या पुस्तकातली आनंदीबाई सौम्य, सुसंस्कृत, अमेरिकन वाचकाला हिंदुस्थानविषयी आदर वाटावा अशी. काशीबाईंनी छापलेल्या पत्रांतली आनंदीबाई मात्र वाद घालते. ती हिशेब देते, सबबी सांगते, रागावते, समजूत काढते, आणि मधूनच असे काही लिहून जाते की आपण वाचता वाचता थबकतो.

त्यांतले एक पत्र तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचावे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाई जुन्या दिवसांचा उल्लेख करतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्या वर्षांच्या क्रमाने नोंदवतात. आणि मग निवाडा करतात. तुमचे वागणे चांगले होते की वाईट? दोन्ही. अंतिम हेतू पाहिला तर योग्य. पण एका लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असता हे पाहिले तर चूक. असा त्या मजकुराचा आशय आहे. त्यात आक्रोश नाही, क्षमायाचना नाही. कृतज्ञता आहे, पण तिने हिशेबाची वही मिटवलेली नाही. वैद्यकाची विद्यार्थिनी रोगाची नोंद करते तसे हे लिहिलेले आहे. लिहिणारी विशीच्या आतबाहेरची आणि वाचणारा तिचा नवरा, गुरू, पालक सर्वच. आज्ञाधारक पत्नीच्या भाषेत इतका निर्मम न्याय एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत दुसरा मला ठाऊक नाही.

‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीची कसोटी माझ्या मते या पत्रापाशी लागते. प्रसंग कोणते घेतले आणि कोणते सोडले हा त्यात गौण मुद्दा आहे. पत्रात निवाडा करण्याचा अधिकार आनंदीबाईंचा आहे. कादंबरीत तो निवेदकाकडे जातो, आणि निवेदकाला गोपाळराव समजून घ्यायचे आहेत. गोपाळरावांच्या स्वभावाला अनेक मजले आहेत. सुधारक, विक्षिप्त, मत्सरी, खचलेला, प्रेमळ अशी त्यांची कितीतरी रूपे कादंबरी आवडीने दाखवते. आनंदीला मात्र सोसणे आणि वाढणे या दोनच क्रिया पुरेशा मानल्या आहेत. ती अमेरिकेत गेल्यावर पारडे फिरायला हवे होते. आज्ञा देणारा मागे राहिला होता, पत्र पोचायलाच आठवड्यांवर आठवडे लागत होते, आणि मधल्या वेळात निर्णय तिलाच घ्यावे लागत होते. थंडीत नऊवारी कशी निभवायची हाही एक निर्णयच. गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे तिने ठरवले आणि नवऱ्याला तसे कळवले. परवानगी मागणे आणि कळवणे या दोहोंत जे अंतर आहे तेवढाच या दांपत्याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल. त्यानंतर गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोचले, मिशनऱ्यांवर आणि अमेरिकन समाजावर झोड उठवणारी व्याख्याने देत फिरले. ज्या समाजाने तिला आसरा दिला त्याच्यासमोर हे ऐकून घेताना आनंदीबाईंना काय वाटले असेल? हा कादंबरीचा विषय होता. कादंबरी त्या जागी गोपाळरावांच्या अस्वस्थतेत अधिक रमते.

कोणी म्हणेल, कादंबरीकार पुरुष, काळ १९६८चा, आजच्या स्त्रीवादी मोजपट्टीने त्याला का मोजावे? हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. मराठी कादंबरीपाशी स्त्रीच्या आवाजाचे साधन तेव्हा पाऊणशे वर्षांहून जुने होते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली आणि ती नायिकेने स्वतः सांगितलेली आहे. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून सबंध कादंबरी बोलवली, तीही आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी. त्या नायिकेचे नाव यमू! आनंदीबाईंचे माहेरचे नाव हेच, यात योगायोगापलीकडे काही शोधू नये, पण लक्षात राहण्यासारखे आहे खरे. म्हणजे वाट होती. श्री. जं.नी दुसरी निवडली.

काशीबाई कानिटकरांविषयी आणखी थोडे. काशीबाईही नवऱ्याच्या आग्रहाने लिहू-वाचू लागलेल्या. चोरून वाचण्याची, घरच्या बायकांच्या टोमण्यांची चव त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत. त्यामुळे त्यांनी पत्रे छापली ती केवळ साधने म्हणून नव्हेत. गोपाळराव हयात असताना, त्यांच्या मारहाणीचा उल्लेख असलेली त्यांच्याच बायकोची पत्रे १८८९ साली लोकांपुढे ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. पतीच्या गुणांना त्या योग्य तो मान देतात, काळाची मर्यादा पाळतात. पण आनंदीबाईंचे म्हणणे आनंदीबाईंच्या शब्दांत राहू देतात. चरित्राच्या पुढे कादंबरी आली की वाङ्मयीन प्रगती झाली असे आपण गृहीत धरतो. स्त्रीच्या आवाजापुरते पाहिले तर १८८९ ते १९६८ हा प्रवास काहीसा मागे झालेला आहे. अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ १९९७ साली आले आणि मीरा कोसंबी यांनी या पत्रांवर सविस्तर लेखन केले, त्यानंतर तो आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे आपण ब्राह्मण-मध्यमवर्गीय वाचक फारसे पाहत नाही. नवऱ्याने बायकोला शिकवले, घरच्यांनी छळले, तिने सोसले आणि नाव काढले, हे कथानक आपल्याला स्त्रीशिक्षणाचा एकमेव इतिहास वाटू लागले, त्यात या कादंबरीच्या लोकप्रियतेचाही वाटा आहे. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शिकवायला सुरुवात केली ती आनंदीबाईंच्या जन्माच्या सतरा वर्षे आधी, १८४८ साली. आणि त्या घराच्या अंगणात थांबल्या नाहीत, त्यांनी इतरांच्या मुली शिकवल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालचे, सेरामपूरच्या व्याख्यानाच्या एकच वर्ष आधीचे. तिथे आज्ञेचा आधार नाही आणि युक्तिवादाला विनयाचे वस्त्र नाही. ताराबाई सरळ पुरुषजातीलाच उलटतपासणीला उभे करतात. पण ते पुस्तक स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले १९७५ साली. ‘आनंदी गोपाळ’ वाचून भारावलेल्या १९६८च्या वाचकापुढे ताराबाई नव्हत्याच. स्त्रीचे बंड म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर जे चित्र आले त्यात शेजारी नवरा उभा असणे त्याला स्वाभाविक वाटले. याचा दोष त्याला देता येणार नाही. आज मात्र दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर ठेवता येतात, आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ती तशी ठेवावीत.

हे सगळे म्हटल्यावर, कादंबरी आजही का वाचवते याचे उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे की श्री. जं.चे गोपाळरावांवरचे प्रेम आंधळे नाही. आज्ञा देणारा माणूस आज्ञा सफल होताना कसा रिकामा होत जातो, हे त्यांनी फार सूक्ष्मपणे पाहिले आहे. शिष्या गुरूच्या पुढे गेली की गुरूला आनंद होतो असे सुभाषितांत असते. संसारात तसे होत नाही. आपणच पेटवलेल्या दिव्याच्या उजेडात आपले खुजेपण दिसू लागलेला पुरुष मराठी कादंबरीत दुर्मीळ आहे. सुधारणेचा हा अंधारा कोपरा दाखवायला गोपाळरावांच्या जवळ जाणे भाग होते, हे मला मान्य आहे. त्यांच्या इतके जवळ गेल्यावर आनंदी थोडी दूर राहिली. कादंबरी नाकारण्याचे हे कारण नाही. ती पत्रांसह वाचावी एवढेच मला म्हणायचे आहे. दुसऱ्या वर्षाच्या एम. ए.च्या वर्गात मी असे करून पाहिले आहे. कादंबरी वाचताना मुलींच्या डोळ्यांत पाणी येते. पत्र वाचताना त्या गप्प होतात, आणि मग बोलू लागतात.

१८८६च्या नोव्हेंबरात आनंदीबाई मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झालेली होती. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी ते पहिले पत्र पाठवले, त्याच कोल्हापुरात. तिथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. एकाही हिंदुस्थानी रुग्णेची नाडी त्यांना त्या रुग्णालयात पाहता आली नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवली गेली.